तळपायांवर कुणी पडत नाही

प्रति,
भारतीय संसदेचे सर्व सन्माननीय सदस्य,
आणि त्यातही महाराष्ट्रातून लोकसभेत गेलेले 48 व राज्यसभेत गेलेले 19 खासदार यांस,



मी सरकारी सेवेतून निवृत्त झालेला डॉक्टर आहे. उभी नोकरी मराठवाड्यातल्या ग्रामीण रुग्णालयांत गेली. बाळंतपणं, सर्पदंश, फवारणीचं औषध पोटात गेलेले शेतकरी, एसटीचे अपघात, रात्री-अपरात्रीची शवविच्छेदनं हे आमचं रोजचं काम. त्यातच आणखी एक काम असायचं. पोलीस ज्यांना 'मेडिकल'साठी घेऊन येत, त्यांना तपासून कागदावर सही करायची. आज आपल्याला लिहितोय ते त्या सहीबद्दल, आणि आपल्या देशानं जगासमोर केलेल्या एका सहीबद्दल. या दोन सह्यांनी मला इतकी वर्षं स्वस्थ झोपू दिलेलं नाही.

जानेवारी 1998 मधली गोष्ट. थंडी कडाक्याची होती. रात्री अकराच्या सुमारास दोन हवालदार एका तरुणाला घेऊन आले. वय असेल पंचवीस-सव्वीस. गावाबाहेरच्या पालावरचा, पारधी समाजातला. शेतातल्या विहिरींवरच्या विजेच्या मोटारी चोरल्याचा संशय त्याच्यावर होता. पोलीस कोठडीत असलेल्या आरोपीची दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी झालीच पाहिजे, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश डी. के. बसू खटल्यात डिसेंबर 1996 मध्ये झाला होता. त्या आदेशाप्रमाणे त्याला माझ्यासमोर उभं केलं होतं. आदेशाचं पालन झालं होतं.

तो दारातून टेबलापर्यंत आला तेव्हाच मला कळायला हवं होतं, आणि कळलंही होतं. पाऊल सरळ टेकत नव्हता. तळव्याची बाहेरची कड तेवढी जमिनीला लावून, काचांवरून चालावं तसा चालत होता. स्टुलावर बसवलं तर त्यानं दोन्ही पाय उघड्या फरशीवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले. फरशी बर्फासारखी गार होती. त्या गारव्यानं त्याला क्षणभर बरं वाटलं असावं. मी पाय उचलून पाहिले. दोन्ही तळवे टाचेपासून चवड्यापर्यंत सुजलेले, जांभळे-काळे पडलेले, आणि सूज दोन्हीकडे सारखी. "काय झालं?" मी विचारलं. त्यानं आधी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या मागे उभ्या असलेल्या हवालदाराकडे. "पडलो, सायेब."

मी लिहिलं: "दोन्ही तळपायांना सूज. रुग्णाच्या सांगण्यानुसार पडून." इजा कशानं झाली असावी या रकान्यात 'हार्ड अँड ब्लंट ऑब्जेक्ट' असं लिहायला मी वैद्यकीय महाविद्यालयात शिकलो होतो. तिथे मी आडवी रेघ मारली. खाली सही केली, शिक्का मारला. हवालदारांना बाहेर थांबायला सांगण्याचा अधिकार मला होता, तो मी वापरला नाही. दुसऱ्या दिवशी त्यानं गुन्हा कबूल केल्याची बातमी जिल्ह्याच्या पेपरात चार ओळींत आली.

सुमारे दीड वर्षानं तो पुराव्याअभावी सुटला. मोटारी कधीच सापडल्या नाहीत. पुढे महिनाभरानं त्याची आई माझ्याकडे आली. मुलाला अजून नीट चालता येत नव्हतं. तिनं वरच्या कचेरीत तक्रार दिली होती आणि तिला उत्तर आलं होतं. ते उत्तर आणि माझ्या दाखल्याची नक्कल, दोन्ही कागद तिनं पदराच्या गाठीतून काढून माझ्या टेबलावर ठेवले. तिला वाचता येत नव्हतं, शाळेच्या गुरुजींकडून वाचून घेतलं होतं. कचेरीनं कळवलं होतं की वैद्यकीय दाखल्यात इजा पडून झाल्याचं नमूद आहे, सबब आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात येत आहे.

"सायेब," ती म्हणाली, "माझ्या लेकराचे पाय तुमीच बगितले ना? पडल्ता म्हून लिवलंय ह्यात. मानूस पडला तर गुडघे फुटतेत, हात मोडतो, डोकं फुटतं. तळपायावर कुनी पडतं का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. त्यानंतरच्या नोकरीत आरोपीला तपासताना मी पोलिसांना दाराबाहेर उभं केलं, आणि जे पाहिलं ते लिहिलं. त्याची किंमत बदल्यांच्या रूपानं मोजली, त्याची तक्रार नाही. पण त्या एका कागदावरची सही परत घेता येत नाही. माझा अपराध मी आपल्यासमोर आधी मांडतो, कारण आता जे विचारणार आहे ते विचारण्याचा हक्क मला त्याशिवाय नाही.

त्या रात्रीच्या तीन महिने आधी, 14 ऑक्टोबर 1997 रोजी, भारतानं संयुक्त राष्ट्रसंघाच्या छळविरोधी करारावर सही केली होती. हे मला पुढे कित्येक वर्षांनी समजलं. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं 10 डिसेंबर 1984 रोजी स्वीकारलेला आणि 26 जून 1987 पासून लागू झालेला हा करार. वकिली भाषा बाजूला ठेवली तर त्याचं म्हणणं खेड्यातल्या माणसालाही कळेल असं आहे. कबुली किंवा माहिती काढण्यासाठी, शिक्षा म्हणून किंवा धाक बसवण्यासाठी सरकारी माणसानं जाणूनबुजून कुणाला तीव्र वेदना देणं म्हणजे छळ. युद्ध असो, आणीबाणी असो, वरिष्ठांचा हुकूम असो, कोणत्याही कारणानं त्याचं समर्थन करता येणार नाही. प्रत्येक देशानं आपल्या कायद्यात तो गुन्हा ठरवावा, तक्रारीची निःपक्षपाती चौकशी करावी, पीडिताला भरपाई द्यावी, आणि छळ करून काढलेला जबाब पुरावा म्हणून वापरू नये.

नुसती सही पुरत नाही. सहीनंतर अनुसमर्थन करावं लागतं, म्हणजे हा शब्द आमच्यावर बंधनकारक आहे असं रीतसर लिहून द्यावं लागतं. ती पायरी आपण आजवर चढलेलो नाही. जगातल्या 170 हून अधिक देशांनी ती पार केली. आपल्या शेजारात चीननं 1988 साली, नेपाळनं 1991 साली, श्रीलंकेनं 1994 साली, बांगलादेशानं 1998 साली, मालदीवनं 2004 साली आणि पाकिस्ताननं 2010 साली. या देशांत पोलिसांची मारहाण थांबली असा माझा मुळीच दावा नाही. पण तिथल्या पीडिताच्या हातात निदान एक दोर आला. बांगलादेशात 2013 साली कोठडीतल्या छळाविरुद्ध कायदा झाला आणि सप्टेंबर 2020 मध्ये ढाक्याच्या न्यायालयानं त्याच कायद्याखाली कोठडीतल्या एका मृत्यूसाठी तीन पोलिसांना जन्मठेप सुनावली. आपल्याकडे त्या आईला धरायला असा दोर नव्हता. तिच्या हातात माझी सही होती, आणि ती खोटी होती.

आपल्या सभागृहांनी काहीच केलं नाही असं मी म्हणत नाही. 6 मे 2010 रोजी लोकसभेनं छळ प्रतिबंधक विधेयक मंजूर केलं. ते अपुरं होतं. तक्रार सहा महिन्यांच्या आतच केली पाहिजे आणि खटल्याला सरकारची पूर्वपरवानगी हवी, अशा अटी त्यात होत्या. ज्याचे तळवे फोडले त्याला तुरुंगातून सुटून यायलाच दीड वर्ष लागतं, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. राज्यसभेनं ते विधेयक प्रवर समितीकडे दिलं, समितीनं सुधारणा सुचवून त्याच वर्षाच्या डिसेंबरात अहवाल दिला. मला तेव्हा आशा वाटली होती. पण ते राज्यसभेत मंजूर झालंच नाही आणि 2014 साली पंधरावी लोकसभा विसर्जित झाली तशी त्याची मुदतही संपली.

पुढे विधि आयोगानं ऑक्टोबर 2017 मध्ये आपल्या 273 व्या अहवालात कराराचं अनुसमर्थन करा असं सांगितलं आणि कायद्याचा मसुदाही तयार करून दिला. कोठडीत असताना माणसाला इजा झाली तर ती पोलिसांमुळेच झाली असं न्यायालयानं गृहीत धरावं, तसं नसल्याचं पोलिसांनी सिद्ध करावं, अशी शिफारस त्यात आहे. नीट पाहिलं तर त्या आईचा प्रश्नच आयोगानं कायद्याच्या भाषेत मांडला आहे. प्रवर समितीचे अध्यक्ष राहिलेले अश्वनी कुमार हे स्वतः याचिका घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेले. कायदा करा असा हुकूम संसदेला देता येणार नाही, असं सांगून न्यायालयानं 5 सप्टेंबर 2019 रोजी ती याचिका निकाली काढली. म्हणजे आता आपल्याशिवाय दुसरं दार उरलेलं नाही. 1 जुलै 2024 पासून तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले. ब्रिटिशांच्या जमान्यातले कायदे गेले असं आम्हाला सांगण्यात आलं. कबुलीसाठी इजा करणं हा गुन्हा 1860 च्या दंडसंहितेत होता, तोच नव्या संहितेत आला. छळ म्हणजे काय, याची व्याख्या मात्र या नव्या कायद्यांतही नाही.

माझं दुखणं नेमकं कुठे आहे ते सांगतो. आंतरराष्ट्रीय कायदा आपल्याला नको आहे असं नाही. आपल्या माणसासाठी तो आपल्याला हवा असतो, आणि हवाच असला पाहिजे. निवृत्त नौदल अधिकारी कुलभूषण जाधव यांना पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयानं एप्रिल 2017 मध्ये फाशी सुनावली तेव्हा भारत महिन्याभरात हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला. नागपुरात वाढलेल्या हरीश साळवे यांनी एक रुपया मानधनावर बाजू मांडली. कोठडीत, दडपणाखाली काढलेल्या कबुलीजबाबाला किंमत नाही, असं आपण जगाला सांगितलं. 17 जुलै 2019 रोजी न्यायालयानं पंधरा विरुद्ध एक मतानं पाकिस्तानला दोषी धरलं. वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटू न देऊन व्हिएन्ना कराराचा भंग केला आहे, शिक्षेचा फेरविचार करा, असं बजावलं. त्या दिवशी मी रुग्णालयातल्या सगळ्यांना पेढे वाटले होते.

25 डिसेंबर 2017 रोजी जाधवांच्या आई आणि पत्नी त्यांना भेटायला इस्लामाबादला गेल्या, ती बातमी आठवा. मध्ये काच होती. भेटीआधी मंगळसूत्र, बांगड्या, टिकली काढायला लावली. आणि आईला मुलाशी मराठीत बोलू दिलं नाही, बोलायला लागली की अडवलं, असं आपल्या परराष्ट्र मंत्रालयानंच दुसऱ्या दिवशी सांगितलं. सारा महाराष्ट्र हळहळला. स्वतःच्या लेकाशी स्वतःच्या भाषेत बोलण्याचा हक्क एका आईकडून हिरावून घेतला, हे कुणालाच सहन झालं नाही.

मला त्या वेळी माझ्या टेबलासमोर उभी राहिलेली दुसरी आई आठवली. तीही एक आईच होती, तिचाही मुलगा कोठडीत होता, त्यानंही कबुली दिली होती. तिच्यासाठी कुणी हेगला गेलं नाही आणि तशी तिची मागणीही नव्हती. तिला तालुक्याच्या गावात, तिच्याच देशाच्या कायद्यात, एक कलम हवं होतं. परक्या देशाच्या कोठडीतल्या आपल्या माणसासाठी जो कायदा आपण मागतो, तोच आपल्या कोठडीतल्या आपल्याच माणसाला द्यायला का कचरतो? सन्माननीय सदस्यहो, हे मला आजवर कुणी समजावून सांगितलेलं नाही.

हा कायदा परकीयांचा आहे असंही कुणी म्हणू नये. मानवी हक्कांचा जाहीरनामा 1948 साली लिहिला जात होता तेव्हा पहिल्या कलमात सर्व 'पुरुष' जन्मतः स्वतंत्र आहेत असा अर्थ निघेल अशी शब्दयोजना होती. तिथे सर्व 'माणसं' हा अर्थ आणणारा शब्द आला तो भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांच्या आग्रहामुळे. त्याच जाहीरनाम्याचं पाचवं कलम सांगतं की कुणाचाही छळ होता कामा नये. 'कुणाचाही' या शब्दात पालावरचा पोरगाही येतो.

माझ्याच पेशातल्या एका माणसाबद्दल आपण वाचावं अशी माझी विनंती आहे. दक्षिण अमेरिकेतल्या पॅराग्वेत डॉ. होएल फिलार्तिगा गरीब शेतकऱ्यांसाठी दवाखाना चालवत आणि तिथल्या हुकूमशाहीविरुद्ध बोलत. मार्च 1976 मध्ये त्यांच्या सतरा वर्षांच्या मुलाला एका पोलीस अधिकाऱ्यानं छळ करून मारलं. पोलिसांनी भलतीच कहाणी रचली. डॉक्टर बापानं स्वतंत्र शवविच्छेदनं करवली, मुलाच्या अंगावरच्या खुणांचा पुरावा जपला. तो अधिकारी पुढे अमेरिकेत सापडला. न्यूयॉर्कच्या अपील न्यायालयानं 30 जून 1980 रोजी म्हटलं, छळ करणारा हा पूर्वीच्या समुद्री चाच्यासारखा आणि गुलामांच्या व्यापाऱ्यासारखा साऱ्या मानवजातीचा शत्रू आहे, तो अमेरिकेत सापडला तर त्याच्यावर तिथे दावा चालेल. भरपाईचा पैसा त्या कुटुंबाच्या हाती कधी पडला नाही. पण एका बापानं आपल्या मुलाच्या अंगावरच्या खुणा जशा होत्या तशा जगापुढे ठेवल्या आणि त्यातून कायदा उभा राहिला. हे वाचलं त्या दिवशी माझ्या दाखल्यातल्या आडव्या रेघेची मला नव्यानं लाज वाटली.

छळविरोधी करार काय करू शकतो, हे आफ्रिकेनं दाखवलं. चाड देशाचा हुकूमशहा हिसेन हाब्रे 1990 साली सत्ता गेल्यावर सेनेगलला पळाला आणि तिथे वर्षानुवर्षं आरामात राहिला. त्याच्या तुरुंगांतून जिवंत सुटलेल्या साध्यासुध्या माणसांनी आणि मेलेल्यांच्या विधवांनी त्याचा पाठपुरावा सोडला नाही. 20 जुलै 2012 रोजी आंतरराष्ट्रीय न्यायालयानं याच कराराच्या आधारानं सेनेगलला सुनावलं की एकतर खटला चालवा, नाहीतर त्याला हवाली करा. 30 मे 2016 रोजी डाकारच्या विशेष न्यायालयानं त्याला जन्मठेप दिली.

करार नसल्यानं आपलं काय अडतंय, असं विचारणाऱ्यांनी पुरुलियाची आठवण ठेवावी. डिसेंबर 1995 मध्ये पश्चिम बंगालच्या त्या जिल्ह्यात विमानातून शस्त्रं टाकली गेली. त्यातला मुख्य आरोपी डेन्मार्कमध्ये आहे. त्याला भारताच्या हवाली केलं तर छळ होण्याचा धोका आहे, असं म्हणून तिथल्या न्यायालयांनी 2011 साली आणि पुन्हा 2024 साली आपली मागणी फेटाळली. देशाविरुद्ध गुन्हा करणारा मोकळा राहतो आणि कारण म्हणून आपल्या कोठड्यांकडे बोट दाखवलं जातं, याहून मोठी मानहानी कोणती?

पोलिसांचा मी वैरी नाही. त्या रात्री आलेल्या दोघांपैकी एक हवालदार, मी तळवे पाहत असताना, सारा वेळ भिंतीकडे तोंड करून उभा होता. जाताना तो मला हळूच म्हणाला, "डॉक्टर, वरून उद्या सकाळपर्यंत डिटेक्शन पायजे म्हणतेत." बारा-बारा, चौदा-चौदा तासांची ड्युटी, एकेका अंमलदाराकडे गुन्ह्यांचे गठ्ठे, न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या अहवालाची महिनोन्‌महिने वाट, आणि वरून तगादा. तपासाची साधनं द्यायची नाहीत आणि पट्टा मात्र हाताशी ठेवायचा, अशी ही व्यवस्था आहे. तिच्यात तो हवालदारही भरडला जातो. बेकायदा हुकूम मानायला नकार द्यायचा तर त्याच्या पाठीशीही हाच कायदा उभा राहील.

'गुन्हेगारांचे लाड कशाला?' हेही मी जन्मभर ऐकत आलो. ज्या शेतकऱ्याच्या मोटारी गेल्या त्याला न्याय मिळाला का? खरा चोर कोण होता ते कुणी शोधलंच नाही, कारण कबुली मिळाली आणि तपास तिथेच संपला. आणि कबुली कुणाकडून घ्यायची हे आधीच ठरलेलं असतं. 1871 च्या कायद्यानं ज्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं, त्यांना देशानं 1952 साली विमुक्त केलं. पण गावात चोरी झाली की गाडी आधी पालाकडेच वळते. लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' 1987 साली आलं, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, त्यातली पोलिसांची मारहाण वाचून आपण सगळे गहिवरलो. मग पुस्तक कपाटात गेलं आणि पट्टा खुंटीवर तसाच राहिला.

गृह मंत्रालयानं आपल्याच सभागृहात फेब्रुवारी 2023 मध्ये दिलेलं उत्तर आपण ऐकलं असेल. एप्रिल 2017 ते मार्च 2022 या पाच वर्षांत देशात पोलीस कोठडीतल्या मृत्यूंची 669 प्रकरणं नोंदली गेली. त्यात गुजरातची 80 आणि महाराष्ट्राची 76. ही फक्त मेलेल्यांची संख्या. ज्यांचे तळवे सुजले, ज्यांच्या बरगड्या मोडल्या आणि ज्यांनी 'पडलो' म्हणून सांगितलं, ते या हिशेबात नाहीत. पोलीस हा राज्याचा विषय आहे, असं ठरलेलं उत्तर मिळतं. पण आंतरराष्ट्रीय कराराच्या अंमलबजावणीसाठी संपूर्ण देशाला लागू होईल असा कायदा करण्याचा अधिकार संविधानाच्या कलम 253 नं आपल्याला दिलेला आहे, आणि आंतरराष्ट्रीय कायद्याचा आदर वाढवावा असं कलम 51 सांगतं.

सांगलीत नोव्हेंबर 2017 मध्ये एक तरुण पोलीस कोठडीत मेला, त्याचा देह आंबोलीला नेऊन जाळल्याच्या आरोपावरून पोलिसांवरच खुनाचा गुन्हा दाखल झाला. जून 2020 मध्ये तमिळनाडूतल्या साथानकुलमला मोबाइलचं दुकान चालवणारे बापलेक मारहाणीनं मेले. त्या दोघांनाही आधी सरकारी रुग्णालयात नेलं होतं. तिथल्या डॉक्टरानंही दाखला दिला होता. दंडाधिकाऱ्यांनी त्या दाखल्यावर त्यांना कोठडी दिली होती. बावीस वर्षांनंतर, हजार कोस दूर, माझ्यासारखीच आणखी एक सही. एकट्या डॉक्टरच्या धैर्यावर हा कारभार चालवता येणार नाही. खरं लिहिणाऱ्या डॉक्टरला संरक्षण आणि खोटं लिहिणाऱ्याला शिक्षा, दोन्ही कायद्यातच हवं.

एका पत्रानं काय होणार, असं घरचे मला म्हणाले. डी. के. बसू यांनी 1986 साली सरन्यायाधीशांना कोठडीतल्या मृत्यूंबद्दल पत्रच लिहिलं होतं. न्यायालयानं ते याचिका म्हणून दाखल करून घेतलं, आणि त्यातून निघालेल्या आदेशामुळेच तो तरुण माझ्यासमोर आला. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात 1972 साली एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना निर्दोष सोडलं, तेव्हा उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी 1979 साली सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिलं. त्या पत्रानं देश हलला आणि 1983 साली कायदा बदलला. त्या चौघांच्या विद्वत्तेची सर माझ्या पत्राला नाही. पण दुखावलेल्या माणसानं लिहिलेलं पत्र या देशात कधीकधी वाचलं जातं, एवढा विश्वास मला त्यांनी दिला.

माझं मागणं तीन गोष्टींचं आहे. विधि आयोगाचा मसुदा समोर ठेवून छळाविरुद्धचं विधेयक पुन्हा मांडा, आणि त्यात करारातली व्याख्या पुरी घ्या. कोठडीतल्या इजेचा जाब कोठडी ज्याच्या ताब्यात आहे त्यानं द्यावा, असं लिहा. आणि ते मंजूर करून कराराचं अनुसमर्थन करायला सरकारला भाग पाडा. सरकार मांडत नसेल तर आपल्यापैकी कुणीही एकानं खासगी विधेयक आणावं, महाराष्ट्राच्या 67 खासदारांनी पक्ष विसरून त्यावर सही करावी. छळाला पक्ष नसतो. आज ज्याचं सरकार आहे त्याचा कार्यकर्ता उद्या त्याच कोठडीत असतो.

ती आई आता हयात नाही. तिचे दोन्ही कागद माझ्याकडे आहेत, कारण त्या दिवशी ती ते माझ्या टेबलावरच ठेवून गेली. मी माझ्या दाखल्याबद्दल खरं काय होतं ते प्रतिज्ञापत्रावर लिहून, नोटरी करून, त्या कागदांना जोडलं आहे. कुठल्याही न्यायालयानं, कुठल्याही समितीनं बोलावलं तर मी येईन आणि शपथेवर सांगेन की तो पडला नव्हता. माझ्या सहीची दुरुस्ती मला जमली तेवढी मी केली.

14 ऑक्टोबर 1997 ची सही आपली आहे. ती पुरी करा.

आपला,
एक निवृत्त वैद्यकीय अधिकारी